राज्य बुडो, मेंढ्या मोजा

उरुग्वेच्या आयर्नहाइड स्टुडिओने 2011 साली ‘किंगडम रश’ हा गेम आणला. त्यात कथा आहे बरं का! दुष्ट मांत्रिक वेझनान राज्य गिळायला निघालाय आणि राजा डेनासची सगळी भिस्त तुमच्यावर. वाटेच्या कडेला बुरूज बांधा, तिरंदाज बसवा, तोफा डागा. हाती 20 जीव. 18 राखले तर तीन तारे.

पण राजाची चिंता करतो कोण? खेळाडूचा डोळा अचीव्हमेंट्सच्या, म्हणजे ठरावीक करामतींबद्दल गेम देतो त्या शाबासक्यांच्या यादीवर. पहिला शत्रू मारला, मिळाली एक. शत्रूंच्या माहितीची 10 कार्डं उघडली, आणखी एक. (वाचली का, हे कुणी विचारत नाही. सरकारी परिपत्रकांचंही तेच.) आणि सर्वांत थोर पराक्रम म्हणजे कुरणात गपगुमान चरणाऱ्या मेंढीवर ती फुटेपर्यंत बोटाने टकटक करायची. अशा 10 मेंढ्या संपवल्या की शौर्याची रीतसर नोंद! तिकडे राक्षस वेशीतून आत घुसतायत, बुरुजांसाठीचं सोनं पडून आहे आणि सेनापती मेंढरांच्या मागे. कथेचे संवाद तर केव्हाच उडवलेले. यादी पूर्ण केलेल्या एखाद्या वीराला विचारून पाहा, वेझनानचं नेमकं बिनसलं तरी काय होतं? तो म्हणेल, “कोण वेझनान?”