संविधानाचे २१ अपेक्षित

लोकप्रतिनिधींची आणि अधिकाऱ्यांची संविधानावर परीक्षा घ्या, अशी टूम मधूनमधून निघते. आमचा पाठिंबा आहे. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत क्लासवाल्यांची चांदी होईल, फुटपाथवर ‘संविधान : २१ अपेक्षित’ मिळू लागेल आणि अंधेरी स्टेशनाबाहेर हात जोडलेल्या भाऊंचा फलक झळकेल: ‘संविधान परीक्षा ३५ टक्क्यांनी उत्तीर्ण झाल्याबद्दल आमच्या कार्यसम्राटांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : समस्त मित्रमंडळ.’ फलकाला परवानगी नसेल, पण तो प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.

सध्याची तऱ्हा बघा. सरकारी नोकरीसाठी स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या पोराला मूलभूत हक्क कोणत्या भागात आहेत ते विचारतात. नगरसेवक होऊ पाहणाऱ्याला विचारतात, वय २१ पूर्ण आहे ना आणि मुलं दोनाहून जास्त नाहीत ना? मंत्री तर संविधानावर खरी श्रद्धा आणि निष्ठा ठेवण्याची शपथ घेतात. ते वाचीन, असं त्या शपथेत कुठेच नाही. बरोबरच आहे. पोथी लाल फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवली की भागतं.

पण एक शंका छळते: परीक्षा पास झालं की संविधान पाळलंही जातं का? मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ला संपली. अनुच्छेद २४३-यू म्हणतो, मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही. आणि पुढची निवडणूक ती संपायच्या आत. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ला! मुदत संपायच्या आधीच प्रभाग २२७चे २३६ ठरले, मधल्या काळात २३६चे पुन्हा २२७ झाले, ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात मुक्कामाला राहिला. मे २०२५मध्ये न्यायालयानेच चार महिन्यांत निवडणुका उरका म्हणून बजावलं. ते चार महिनेही सरकारी निघाले.

आणि तोवर कारभार कोणाकडे? आयुक्तांकडेच, प्रशासक म्हणून. म्हणजे संविधानाचा पेपर रीतसर सोडवून, गुणवत्ता यादीत झळकून सेवेत आलेल्यांकडे! निवडणूक त्यांनी लांबवली नाही, हे कबूल. पण ‘ही खुर्ची आमची नव्हे’ असं कोणी चुकूनही म्हटल्याचं ऐकिवात नाही. २०२५-२६चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प तयार करणारं प्रशासन तेच, मंजूर करणारंही तेच. नगरसेवकांची उपसूचना नाही, हरकत नाही, सभात्याग नाही. कसं शिस्तीत! घाटकोपरच्या चाळीतला माणूस तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन वॉर्ड ऑफिसात गेला, की साहेब व्हिजिटला. मग तो जायचा माजी नगरसेवकाकडे. त्याला २४३-यू विचारला असता तर बसचा नंबर वाटला असता, पण कुठल्या गल्लीचा मुकादम कोण आणि तो चहाला कुठे बसतो, हे तोंडपाठ. या विषयात त्याला पैकीच्या पैकी द्यावे लागतील.

तरीही सरकार परीक्षेची मागणी मान्य करील, याबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. जीआरही डोळ्यांपुढे आहे: ‘परीक्षा केंद्रांची प्रभागनिहाय रचना, त्यावरील हरकती व सूचना, बाकांचे आरक्षण आणि न्यायप्रविष्ट बाबी यांचा निपटारा होईपर्यंत परीक्षा पुढे ढकलण्यात येत आहे. तोपर्यंत उत्तरपत्रिका प्रशासक लिहितील व तेच तपासतील.’