पाच खाचा

सहा वर्षं ज्या पान्याने मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडत आलो, तो पाना टाकीचा नाही, हे मला गेल्या महिन्यात कळलं. चंद्रकोरीसारखा वाकडा, टोकाला एकच दात. मोटरसायकल नवी घेतली तेव्हा टूलकिटमधून निघाला होता. एवढा चमत्कारिक आकार म्हणजे हा चुकून आला असणार, असं मी ठरवलं. टाकीच्या झाकणाला तो चपखल बसला, तेव्हा सुतळी बांधून त्याला गच्चीच्या दारामागे टांगला. विम्याचे कागद शोधताना गाडीचं माहितीपुस्तक हाती लागलं नसतं, तर तिथेच तो निवृत्त झाला असता. पुस्तकात त्याचं चित्र होतं. मागच्या शॉकअपच्या बुडाशी पायऱ्यापायऱ्यांची एक कडी असते, ती फिरवायला हा पाना. खाचा पाच. एकटा माणूस असेल तर खालच्या, डबलसीट असेल तर वरच्या. आमच्या गाडीचे दोन्ही शॉकअप आले तसे पहिल्या खाचेवर होते.

म्हणजे सहा वर्षं दर स्पीडब्रेकरला मागून येणारं ‘अगं आई गं’ हे रस्त्यामुळे नव्हतं, माझ्यामुळे होतं.

आम्ही साताऱ्याचे. पाहुणे आले की त्यांना कास दाखवावं लागतं, आणि कासला जायचं तर यवतेश्वरचा घाट चढावा लागतो. मागे बायको, तिच्या मांडीवर डबे, सतरंजी आणि पाहुण्यांचं जे काही त्यांच्या गाडीत मावलं नाही ते. गाडीचं बूड खाली बसायचं आणि तोंड वर व्हायचं. वळणावर ती अडेल बैलासारखी सरळ जायला बघायची. तो मी घाटाचा स्वभाव समजत होतो. परतताना अंधार पडला की हेडलाइटचा झोत रस्ता सोडून झाडांचे शेंडे दाखवायचा आणि समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारायचा. मीही मारायचो. आपल्याला इतकी माणसं ओळखतात याचं बरं वाटायचं.

तर आता ज्ञान झालं होतं आणि रविवार होता. साडी नेसली की बायको एका बाजूला पाय सोडून बसते, डावीकडे. मी सरळ हिशेब केला. भार डावीकडे, तर डावा शॉकअप पाचव्या खाचेवर हवा. उजवीकडे कोणी बसत नाही, तो पहिलीवरच राहू दे. शिवाय गरम सायलेन्सर उजवीकडे, म्हणजे हात भाजायचाही प्रश्न नाही. कंपनीच्या इंजिनिअरांना ही गोष्ट सुचली नाही याची मला कीव आली. गाडी मेन स्टँडला लावून मी डावी कडी फिरवायला बसलो. पाना तीनदा निसटला, बोटांची सालं गेली, चौथ्यांदा ‘टक्’ असा आवाज आला. त्या आवाजाचं समाधान झाकण उघडताना सहा वर्षांत एकदाही मिळालं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ऑइल बदलायला गेलो तेव्हा पोवई नाक्याकडच्या आमच्या मिस्त्रीने मागून एकदा वाकून बघितलं.

“साहेब, ह्यो उद्योग कुणी केला?”

मी कारण सांगितलं. त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. हसला नाही. न हसण्यासाठी त्याला बरेच कष्ट पडत होते एवढं दिसलं.

“वहिनी डाव्या अंगाला बसत्यात, बरोबर हाय. पण खाली चिमटा एकच हाय न्हवं? दोनी शॉकअप त्याच्यावरच हायती. एक पाचला, एक एकला, म्हंजी चिमटा पिळणार. त्येला वहिनी कुठं बसल्यात ते काय ठावं?”

मग चहा मागवून त्याने माझं शिक्षण हाती घेतलं. सीट दोन्ही हातांनी दाबून सोडली. ती वर आली आणि तिथेच थांबली. म्हणजे आतलं तेल शाबूत आहे. स्प्रिंग नुसती एकटी असती तर गाडी जत्रेतल्या घोड्यासारखी नाचत राहिली असती. बारीक भोकांतून रेटलं जाणारं तेल तो नाच गिळतं आणि त्यात गरम होतं. त्याने शॉकअपच्या दांड्यावरून बोट फिरवून कोरडं बोट दाखवलं. तेल गळत असेल तर पाना कितीही फिरवा, उपयोग नाही.

“आन् आनखी एक. कडी फिरवली म्हंजी स्प्रिंग कडक झाली आसं समदी म्हनत्यात. स्प्रिंग हाय तेवढीच हाय. तिला आधीच जरा दाबून ठिवायची, म्हंजी तुमी बसल्यावर गाडी कमी खचती. बास. वजन किती तुमचं?”

दुकानात तीन गिऱ्हाइकं बसलेली. एक ओळखीचं.

“78,” मी म्हणालो.

मिस्त्रीने माझ्याकडे नाही, गाडीच्या सीटकडे पाहिलं. “घरी जाऊन मोजा,” तो म्हणाला. “वजन न्हवं, गाडी किती खचती त्ये. चाकाची जेवढी चाल, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापतुर खचू द्यायची.”

हे मोजमाप एकट्याने होत नाही. एकाने बसायचं, एकाने गाडी उभी धरायची, एकाने मोजायचं. मुलाने हँडल धरलं, शिवणाची टेप बायकोची. मोजायला खालच्या मजल्यावरचे काका आले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांनी आधी सीटखाली खडूने खूण केली आणि खुणेवर कोणी हात फिरवू नये अशी समज दिली. मागचं चाक अधांतरी असताना आसापासून खुणेपर्यंत 52 सेंटिमीटर. मग मी हेल्मेट, जॅकेट, ऑफिसची बॅग आणि डब्यासकट बसलो, कारण रोज तसाच जातो. एकदा गाडी दाबून सोडली, एकदा उचलून सोडली. दोन आकडे वेगळे आले. शॉकअप जरा घासतो, त्यामुळे मधला आकडा धरायचा असतो. हे काकांना कोणी शिकवलं नव्हतं, पण सरासरी काढायची संधी त्यांनी आयुष्यात कधी सोडलेली नाही.

“साडेसत्तेचाळीस. साडेचार सेंटिमीटर खच.” चाकाची चाल 10. म्हणजे मी एकटाच बसून जवळजवळ निम्मा शॉकअप खातो. खड्ड्यांना उरतो निम्मा.

काका म्हणाले की तुमची पिढी लाडावलेली आहे. त्यांच्या वडिलांच्या काळातल्या कित्येक मोटरसायकलींचं मागचं चाक थेट सांगाड्यात बसवलेलं असे आणि सीटखालच्या दोन स्प्रिंगा हीच चैन. हे खरं आहे. 1949 साली विलायतेत बुलेट मागे स्विंगआर्म घेऊन आली तेव्हा ती नवलाई होती. पण काकांचा सूर असा होता, की त्या नवलाईला मंजुरी देण्यापूर्वी त्यांना कोणी विचारलं नाही.

दोन्हीकडे तिसरी खाच लावली. खच 3.4 वर आला. काकांनी तारीख घालून वहीत लिहिलं. घरातल्या वजनकाट्यावर मी कोणाला न सांगता उभा राहिलो: 86, हेल्मेटशिवाय.

मग डबलसीटचं मोजलं. बायकोला चौथी खाच पुरली. बाजारातून येताना तिने ‘अगं आई गं’ म्हटलं नाही, नुसतं ‘हं’ म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात ‘हं’ हा वरचा गुण आहे. समोरच्यांचे डिपरही बंद झाले. जरा एकटं वाटलं, पण रस्ता दिसायला लागला.

अडचण सासूबाई आल्यावर झाली. त्यांना मठात सोडायचं होतं. मी खाली बसून पाना लावला, सवयीने दोन्हीकडे ‘टक्’ केलं. वर बघतो तर बायको दारात.

“मला चार आणि आईला पाच?”

यांत्रिक कारणं पुष्कळ होती. आईंच्या पिशवीत पाच नारळ होते, हे मी सांगितलं. नारळ तिने मोजले. तीन निघाले. तेव्हापासून टूलकिट तिच्या ताब्यात आहे, आणि टाकीचं झाकण मी पक्कडीने उघडतो.

काल संध्याकाळी आम्ही राजवाड्याकडे निघालो होतो. मी शर्टाच्या बाह्या वर करून पाना मागितला. तिने तो दिला नाही. पदर खोचून स्वतःच मागच्या चाकाशी बसली आणि मोबाइलचा उजेड पाडून कडी बघू लागली.

“मोजलं तेव्हा तुम्हाला एकट्याला कितवी खाच आली होती?”

“तीन.”

“मग ही दोनवर कशी?”

मी म्हणालो, हल्ली मी रात्री भात सोडलाय. तिने काही उत्तर दिलं नाही. टक्. मग तीनवरून चारवर जाण्याआधी ती जरा थांबली, मुलाला हाक मारली आणि खालून काकांना वही घेऊन यायला सांगितलं.