नसलेल्या प्रांतात बिऱ्हाड

इटलीत एक जुना विनोद आहे: मोलिझे नावाचा प्रांत अस्तित्वातच नाही. १९६३ मध्ये तो आब्रुत्सोपासून वेगळा निघाला, पण बाकीच्या इटलीने ते अजून मनावर घेतलेलं नाही.

२०१९ मध्ये या ‘नसलेल्या’ प्रांताने दवंडी पिटली: दोन हजारांहून कमी वस्तीच्या गावात राहायला या, तीन वर्षं दरमहा ७०० युरो घ्या. अट एकच, तिथे धंदा काढायचा. गिऱ्हाईक कुठून आणायचं, ते ज्याचं त्याने बघावं. म्हणजे जिथली पोरं पोटासाठी गाव सोडून गेली, तिथेच परक्याने पोट भरून दाखवायचं!

इतिहासाला मात्र तोटा नाही. सेपिनोजवळच्या रोमन नगरात मेंढरांची जुनी वाट थेट वेशीतून जाते. वेशीवर दुसऱ्या शतकातला कोरीव लेख आहे. ‘तुम्ही पळालेले गुलाम, मेंढरं चोरीची’ असं म्हणत तिथले अंमलदार जाणाऱ्या-येणाऱ्या मेंढपाळांना अडवत. हे बंद करा, अशी वरून आलेली तंबी त्यात आहे.

राहण्याच्या परवान्यासाठी रांगेत उभं राहण्याआधी नवख्याने तो लेख जरूर पाहावा. लॅटिन येत नसलं तरी अडत नाही. खिडकीपलीकडच्या साहेबाच्या चेहऱ्यावर भाषांतर असतंच.