भडोच ते चौथी सीट

आयातशुल्क, निर्बंध, नाकेबंदी हे शब्द कल्याणकरांनी अमेरिकेकडून शिकावेत, इतके वाईट दिवस अजून आलेले नाहीत. ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अनामिक व्यापाऱ्याने पहिल्या शतकातच ‘पेरिप्लस’मध्ये कल्याण बंदराची तक्रार नोंदवून ठेवली आहे. आधी इथे रीतसर व्यापार चाले. मग सातवाहन आणि क्षत्रपांची ओढाताण सुरू झाली आणि कल्याणला लागलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला रवाना होऊ लागली. भडोच गुजरातेत आहे. म्हणजे महाराष्ट्रात येऊ घातलेला धंदा तिकडे वळण्याचा पहिला मान २०२२च्या वेदांता-फॉक्सकॉन प्रकल्पाला उगाचच दिला जातो. (‘याहून मोठं गलबत देऊ’ असं आश्वासन तेव्हाही मिळालं असणार, शिलालेख सापडायचा आहे.)

२७ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं. त्यातलं निम्मं रशियाचं तेल घेतल्याबद्दल. त्या आठवड्यात डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, परराष्ट्र धोरणाला मात्र होती. युक्रेन युद्धाआधी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा जेमतेम दोन टक्के होता, तो एक तृतीयांशावर गेला, हे विंडो सीटने अभिमानाने सांगितलं. ‘मग पंपावर पेट्रोल शंभराच्या वरच कसं?’ असं कुणीतरी विचारलं. तो ठाण्याला उतरणारा असल्याने त्याला माफ करण्यात आलं. चौथ्या सीटवर एका मांडीवर टेकलेले काका सर्वांना सामरिक स्वायत्तता समजावून सांगत होते. शेवटी अमेरिकी मालावर बहिष्काराचा ठराव झाला आणि तो तातडीने ग्रुपवर टाकण्यात आला.

या चर्चेत भिवंडीचा यंत्रमागवाला तेवढा नव्हता. कापडाची निर्यात अडली की सूत, माग, रंगाई अशी सगळी साखळी हलते, त्यामुळे त्याला बोलण्यासारखं बरंच असावं. पण भिवंडी मुख्य मार्गावर नाही, वसई-दिवा मार्गावर आहे. तिथे गाड्यांच्या फेऱ्या इतक्या मोजक्या की प्रवाशांमधून अर्थतज्ज्ञ तयार व्हायला वावच नाही. रेल्वेने त्या मार्गावर फेऱ्या वाढवाव्यात. देशाच्या व्यापारनीतीवर निदान एक मत तरी शुल्काची झळ सोसणाऱ्याच्या बाजूने येईल.