पत्ते टाकायची विद्या

साहित्य: एक सतरंजी, पत्त्यांचा एक कॅट, सहा माणसं, वाटीभर चिंचोके. वेळ: भाऊबीजेची दुपार, जेवणं झाल्यावर. स्थळ: अमरावती, सासुरवाडी. अकोल्याहून बडनेऱ्याला उतरून आलेला जावई पहिल्यांदाच तीन पत्तीला बसतो आहे असं धरून ही मार्गदर्शिका लिहिली आहे. तो जावई मी होतो, पण त्यानं काही बिघडत नाही.

चिंचोक्यांच्या जागी नोटा ठेवू नका. 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून जिवंत आहे. अकोल्याच्या पेपरात 'एक्का बादशहा' खेळताना इतके जण ताब्यात, ही बातमी पोळ्यापासून दिवाळीपर्यंत अधूनमधून येतच असते. तो खेळ वेगळा, पण पंचनामा सारखाच. मराठवाड्यात तीन पत्तीला तिरट म्हणतात. तिकडे पळून जाऊनही उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1967 साली रमीला कौशल्य लागतं असं म्हटलं आणि त्याच निकालात तीन पानांच्या फ्लशला निव्वळ नशिबाचा खेळ ठरवलं. मग नशिबाच्या खेळाची मार्गदर्शिका कशाला? शिकलेल्या जावयाला पुस्तकाशिवाय कुठंच बसता येत नाही, म्हणून.

बसण्याआधी एकच विचारून घ्या: या घरात एक-दोन-तीन मोठं की एक्का-बादशहा-राणी? घरोघरी उत्तर वेगळं असतं, आणि ते डाव संपल्यावर विचारलं तर मेव्हणे दुखावतात.

आता पानं. 52 पानांतून तीन पानं 22,100 तऱ्हांनी येऊ शकतात. त्यातल्या 16,440 तऱ्हांमध्ये काहीही नसतं. जोडी नाही, रंग नाही, ओळ नाही. नुसती तीन पानं एकमेकांकडे अनोळखी पाहुण्यांसारखी बघत बसलेली. म्हणजे चारातल्या तीन डावांत तुमच्या हाती कचरा येणार. जोडी साधारण सहा डावांत एकदा, आणि ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, 425 डावांत एकदा. एवढे डाव खेळेपर्यंत सासूबाई सतरंजी उचलतात.

नवशिक्याचा घात करतो तो एक्का. एक्का दिसला की कान लाल होतात आणि हात आपोआप वाटीत जातो. समजा, एक्का-सत्ती-तिर्री आली. समोर एकच भिडू असेल तर दहातले सहा डाव तुमचे. पण समोर पाच जण टिकून असतील तर हीच पानं तेरा डावांत जेमतेम एकदा जिंकतात. एक्का तोच, माणसं वाढली. लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाचं होतं तेच.

म्हणून आधी डोकी मोजा, मग पानं. दोघंच उरलात तर बादशहा-दश्शी आणि तिसरं कुठलंही फुटकळ पान चालेल. 22,100 पैकी 11,040 हात बादशहा-नव्वी-अठ्ठीपाशीच संपतात, म्हणजे जवळजवळ अर्धा डोंगर तुमच्या खाली आहे. सहा जण असाल तर राणीची जोडी येईपर्यंत गप्प बसा. तीसुद्धा सहा जणांत निम्म्याच वेळा पुरते. बाकी सगळ्याला एकच शब्द: पॅक, म्हणजे पत्ते टाकून डावाबाहेर. तो शब्द आरशासमोर म्हणून पाहा. पहिल्यांदा घशात अडकतो.

आंधळी चाल हा नवशिक्याचा विषय नाही, पण वऱ्हाडात ती टाळता येत नाही. पत्ते न पाहता खेळणाऱ्याला निम्मे चिंचोके लागतात. पाहून खेळायचं तर त्याच्या दुप्पट. माझे चुलत सासरे, म्हणजे काका, कायम आंधळे खेळतात. त्यांची जमीन दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारं, तेव्हा आभाळ सोडून दुसरा भिडू नाही. मी त्यांना 22,100 चा हिशेब ऐकवला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "पत्ता काऊन पाहू, जवाईबुवा? जून मह्यन्यात मी आभाय तरी कुठं पाह्यतो?"

त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पाऊस पडायच्या आधी कोरड्या मातीत सरकी टोबायची, याला धूळपेरणी म्हणतात. पाऊस वेळेवर आला तर पीक आठवडाभर पुढं. नाही आला तर बियाणं मातीत मेलं, दुबार पेरणी. याहून आंधळी चाल कुठली? कृषी विभाग दर जूनमध्ये सांगतो की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. अकोल्यात 1969 पासून डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं अख्खं कृषी विद्यापीठ आहे. राणीच्या जोडीशिवाय बसू नका, हा माझा सल्ला आणि कृषीवाल्यांचा सल्ला एकाच जातीचे. आणि दोन्ही सल्ल्यांचं जे व्हायचं तेच होतं, कारण शेजाऱ्यानं पेरलं की हात शिवशिवतात. फरक इतकाच की सतरंजीवर एक चिंचोका सोडून पॅक म्हणता येतं. सरकी, खत, मजुरी मातीत गेल्यावर पॅक कुणाला म्हणणार?

असो. मी मात्र मार्गदर्शिकेबरहुकूम खेळलो. पहिला डाव, पॅक. दुसरा, पॅक. चौथ्याला एक्का आला, कान लाल झाले, तरी पॅक. सातव्याला धाकट्या मेव्हण्यानं आत आवाज दिला, "ताई, जवाईबुवा झोपले का पाहून जा वं!" दर डावाला सुरुवातीचा एकेक चिंचोका मधे पडत होता. नऊ डाव, नऊ चिंचोके.

दहाव्या डावाला पहिली चाल माझी होती. पानं उचलली: बदामाचा एक्का, इस्पिकचा बादशहा, किलवरची राणी. चेहरा कोरा ठेवून मी दोन चिंचोके पुढं सरकवले. धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं, मोठ्याकडे पाहिलं आणि पत्ते टाकले. मोठ्यानं टाकले. एकेक करत सगळ्यांनी टाकले. शेवटी काकांनी, जन्मात पहिल्यांदा, आपली पानं न पाहताच पॅक केली. दोन तास गप्प बसलेला माणूस हलला म्हणजे काय आलंय, हे ओळखायला पत्ता पाहावा लागत नाही.

मधले सहा चिंचोके माझे. त्यातला एक मूळचा माझाच. बोटांवर हिशेब करत होतो तोवर काकांनी पत्ते पिसायला घेतले.

"लागवडीचा खर्चबी नाई निघाला, जवाईबुवा."