चाळून उरलं काय?

ऑनलाइन दुकान काढणाऱ्या प्रत्येकाला हल्ली एकच घाई असते. माल येईल तेव्हा येईल, आधी फिल्टर लावा. डाव्या बाजूला चौकोनांची उतरंड दिसली की चार कुर्त्यांचं दुकानही मॉल वाटतं.

वेबसाइट करून देणारा मुलगा संध्याकाळपर्यंत फिल्टर लावून देतो. प्लगइन टाकलं, बिल पाठवलं, विषय संपला. त्या चौकोनांमागची माहिती कोण भरणार, ही ओळ कोटेशनमध्ये नसते.

मग ज्याला वेळ असेल तो भरतो. पहिल्या कुर्त्याला ‘ब्राउन’, दुसऱ्याला ‘तपकिरी’, तिसऱ्याला ‘चॉकलेटी’, चौथ्याला ‘कॉफी’. एका रंगाचे चार चौकोन. तुम्ही ‘तपकिरी’वर खूण करता आणि तीन कुर्ते गुपचूप गायब. ग्राहक म्हणतो, माल नाही. मालक म्हणतो, गिऱ्हाईक नाही.

साइजचं तर विचारूच नका. एक्सएल, एक्स-एल, एक्स्ट्रा लार्ज, ४२. पोट तेच, चौकोन चार.

गंमत अशी, की एकाच गोष्टीकडे अनेक बाजूंनी पाहायचं आणि कुठल्याही बाजूने गेलं तरी ती सापडली पाहिजे, ही शिस्त जगाला शिकवली ती आपल्याच एका ग्रंथपालाने. एस. आर. रंगनाथन. आधी गणिताचे प्राध्यापक, मग मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल. पुस्तकं लावायची त्यांची ‘कोलन वर्गीकरण’ पद्धत १९३३ ची. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हा त्यांच्या पाच नियमांतला चौथा.

दुकानदाराला तुमचा वेळ वाचवून काय करायचंय?

मोठ्या दुकानांत बघा. तिथे माहिती भरायला माणसं आहेत, पैसा आहे. ‘मिक्सर’ शोधा आणि ‘किंमत : कमी ते जास्त’ लावा. पहिली येते भांड्याची रबरी रिंग. मग कपलर. मग झाकण. मिक्सर येईपर्यंत हातवाटण होऊन जाईल. शेवटी तुम्ही वैतागून ती क्रमवारी काढता आणि दुकानाने आधीच मांडून ठेवलेल्या महागड्या मिक्सरांकडे मुकाट्याने परत येता.

त्यांना तेच हवं होतं.

‘चार तारे आणि त्याहून अधिक’ हा फिल्टर लावून पाहिलात? यादी जवळपास तेवढीच राहते. बहुतेक सगळेच चार ताऱ्यांच्या वर. आपल्या शाळेतही इतके हुशार विद्यार्थी नव्हते. ऑनलाइन अभिप्राय खरे असावेत म्हणून भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये एक मानक काढलं. ते पाळणं ऐच्छिक ठेवलं. म्हणजे खरेपणाही आवडीनुसार.

‘५० टक्के किंवा अधिक सूट’ हा सगळ्यांचा लाडका. पन्नास टक्के कशाचे? छापील किमतीचे. ती कोणी छापली? ज्याला माल विकायचाय त्याने. आधी चढवायची, मग उतरवायची आणि उतरल्याबद्दल गिऱ्हाइकाने आभार मानायचे.

आता पैठणी शोधा. ‘कापड’ या शीर्षकाखाली सिल्क, सॉफ्ट सिल्क, आर्ट (म्हणजे कृत्रिम) सिल्क, सिल्क ब्लेंड. ‘सिल्क’वर खूण केली की सातशे रुपयांची ‘पैठणी’ही डुलत येते. इतकं स्वस्त रेशीम मिळतं कुठे, असं येवल्याचा विणकरच विचारील.

कारण फिल्टर वस्तू तपासत नाही. विक्रेत्याने फॉर्ममध्ये काय लिहिलं, तेवढंच वाचतो. पदराला हात लावत नाही, धागा जाळून वास घेत नाही, सिल्क मार्कचं लेबल आहे का बघत नाही. विक्रेता ‘रेशीम’ म्हणाला? रेशीम. पुढचा.

दुकानात निदान विक्रेत्याच्या चेहऱ्याकडे तरी बघता यायचं.

आणि आता सरकारही फिल्टर मागतंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वैधमापन नियमांत दुरुस्तीचा मसुदा काढला. आयात केलेला पॅकबंद माल कोणत्या देशातला, हे ऑनलाइन दुकानात फिल्टर लावून शोधता आलं पाहिजे. हेतू उत्तम. मूळ देश सांगण्याची सक्ती आधीपासून आहेच, फक्त तो वर्णनाच्या तळाशी, बारीक अक्षरात, पडून असतो. तो वर येणार. पण फॉर्म भरणार कोण?

तोच. ज्याने आर्ट सिल्कला सिल्क म्हटलं.

फिल्टर वाढवणं सोपं असतं. भरलेलं खरं आहे का, हे बघायला माणूस लागतो आणि माणसाला पगार. त्यापेक्षा आणखी दोन चौकोन काढणं परवडतं.

सगळ्यांत मजेची गोष्ट वेगळीच. तुम्ही सात खुणा केल्यात, रंग, माप, दर, सगळं ठरवलंत. तरी वरच्या दोन वस्तू भलत्याच. शेजारी फिकट अक्षरात ‘प्रायोजित’. तुमचे नियम फुकटच्या मालाला. पैसे भरून आलेला पाहुणा थेट आत. लपवलेली जाहिरात ही केंद्राच्या २०२३ च्या यादीतल्या तेरा फसव्या क्लृप्त्यांपैकी एक. म्हणून दुकानं ती लपवत नाहीत. फक्त फिकट करतात.

तेव्हा, मायबाप सरकार, फिल्टरच मागायचाय ना? मग एक आमच्याही वतीने मागा. ‘जाहिराती वगळा’. आणि हो, पाकिटावर प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो दर छापायला लावलाच आहे, तर त्यावर क्रम लावायची सोयही द्या. नऊशे ग्रॅमचं पाकीट किलोच्या शेजारी उभं करून स्वस्त म्हणवून घेतं, ते तरी थांबेल.

अशाने पानावर मोजक्याच वस्तू उरतील म्हणता?

मग दुकानात होत्याच तेवढ्या.