इज सोऽऽ!

गाईज, धिस मिसळ इज सोऽऽ अमेझिंग!

डाव्या हातात मोबाइल, उजव्यात पाव, घास अजून तोंडापर्यंत पोचलेला नाही आणि निकाल लागलेला. घास गेल्यावर फरक एवढाच की 'सो'चे दोन 'सो' होतात. तर्री जळजळीत असेल तर तिसरा ठसक्यातून येतो.

'अमेझिंग'वर माझा राग नाही. ते बिचारं मिसळ, पैठणी, सिंहगड, चुलतभावाचं लग्न, सगळीकडे राबतं. माझं लक्ष त्या 'इज'वर असतं. मटकी इथली, कांदा इथला, खाणारीही इथलीच. मध्ये हा साहेब खुर्ची टाकून बसलेला. तो आला की पुढे 'सो' येणारच. परवा एका ताईंनी 'इज सोऽऽ' म्हणून जो आ वासला, तो मिटेपर्यंत शेजारच्या टेबलावरचे दोघे खाऊन, हात धुऊन, बिल देऊन गेले. विशेषण आलंच नाही. स्क्रीनवर बदाम मात्र धो धो पडले.

अहो, पण मिसळ होती कशी? तिखटजाळ? आंबटढाण? फरसाण मऊ पडलेलं? आपल्याकडे प्रत्येक रंगाचा, चवीचा जोडीदार ठरलेला आहे. पिवळा धमक, काळा कुळकुळीत, हिरवागार, कडूजहर, गोडमिट्ट. 'पिवळा कुळकुळीत' म्हणून बघा, शेंबडं पोरही हसेल. इतकी चोख माणसं घरी बसवली आणि सगळ्यांच्या जागी नेमला कोण, तर एकटा 'सो'! त्याला लालभडक तर्रीही चालते आणि पांढरंशुभ्र ताकही. 'व्हेरी युनिक' लिहिलं की इंग्रजीचे मास्तर लाल रेघ ओढायचे. एकमेव म्हणजे एकमेव, त्यात 'फार एकमेव' कुठून येणार? आता मिसळ 'सो युनिक' असते आणि तश्शीच त्याच गल्लीत आणखी चार ठिकाणी मिळते.

हेही सोसलं असतं. पण मालकानं ऐकलं ना! बाहेर फ्लेक्स लागला, मिसळीची थाळी झाली, थाळीत गुलाबजाम आला. मिसळीसोबत गुलाबजाम! कुणी मागितला होता? आणि जो रस्सा वाढपी न विचारता ओतायचा, त्याचे आता वेगळे पैसे. "सँपलचे तीस, काका." तीस रुपये! पातळ पाणी, वर तवंग नाही, तळाला मटकीचे चार दाणे, आणि तेही वाटीत मोजून. वाटीसुद्धा चटणीची!

कांदा-लिंबू अजून फुकट आहे. त्याबद्दल कॅमेऱ्यासमोर कुणी अवाक्षर काढू नये.